युद्धकाळात सरकारने जप्त केलेलं परत कसं मागायचं? विदर्भातल्या वारसांसाठी

आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. 1942 च्या ऑगस्टमध्ये या गावांत काय झालं ते स्मारकांवर कोरलेलं आहे. त्यानंतरच्या धरपकडीत पोलिसांनी घरांतून काय काय उचलून नेलं, याबद्दल मात्र क्वचितच बोललं जातं. भजनाच्या वह्या, प्रभातफेरीच्या गाण्यांच्या पुस्तिका, पत्रकं, रोजनिशा, पत्रव्यवहाराचे गठ्ठे. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि भारत संरक्षण कायदा लागू होता, त्यामुळे कागद नेणाऱ्याला फारसं कोणी विचारू शकत नव्हतं.

त्या घरांतल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीसाठी हा लेख आहे. आजोबांची वही परत मिळेल का, त्यांची बंदी घातलेली पुस्तिका पुन्हा छापली तर कोणाची परवानगी लागेल, दुसऱ्याच कोणी ती छापून विकली तर काय करायचं, असे प्रश्न घेऊन लोक तहसीलमध्ये जातात आणि या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतात. कारण तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच अर्जात कोंबलेल्या असतात. जप्त झालेली वस्तू ही एक गोष्ट. ज्या आदेशाने ती जप्त झाली तो कागद ही दुसरी. आणि त्यात जे लिहिलेलं आहे त्यावरचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, ही तिसरी. तिघांची कार्यालयं वेगळी, कायदे वेगळे. वस्तू जळून गेली तरी हक्क शिल्लक राहू शकतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या सेवाग्रामशी जोडलेलं आहे. 1942 मध्ये सरकारने अहमदाबादच्या नवजीवन छापखान्यावर कारवाई केली आणि गांधीजींच्या 'हरिजन'च्या जुन्या अंकांच्या फायली नष्ट केल्या. कागद गेले, पण लेखनावरचा हक्क सरकारकडे गेला नाही. गांधीजींनी तो नवजीवन ट्रस्टकडे सोपवलेला होता आणि 2008 साल संपेपर्यंत तो ट्रस्टकडेच राहिला. आपल्या आजोबांचं नाव कोणाला माहीत नसलं तरी नियम तोच.

जमिनीवर 'शत्रू संपत्ती' असा शेरा असेल तर हे आधी वाचा

वही-पुस्तकाच्या कामाला घाई नसते. जमिनीच्या कामाला असते, म्हणून ते आधी घेतो.

सात-बारावर किंवा फेरफारात 'शत्रू संपत्ती' किंवा 'कस्टोडियन ऑफ एनिमी प्रॉपर्टी' असे शब्द दिसले, तर त्याचा 1942 शी काही संबंध नाही. ते प्रकरण 1962 च्या चीन युद्धाचं किंवा 1965 आणि 1971 च्या पाकिस्तान युद्धांचं असतं. त्या देशांत गेलेल्या लोकांची इथली मालमत्ता केंद्र सरकारच्या अभिरक्षकाकडे (कस्टोडियनकडे) गेली आणि 1968 च्या शत्रू संपत्ती कायद्याने ती त्याच्याकडेच कायम ठेवली. 10 जानेवारी 1966 च्या ताश्कंद करारात भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी घेतलेल्या मालमत्ता परत करण्याबद्दल चर्चा करू असं लिहिलेलं आहे, पण परतफेड झाली नाही. 2023 मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार अशा मालमत्ता देशभरात 12,611 आणि महाराष्ट्रात 208 होत्या. त्यामुळे खेड्यात हा शेरा विरळाच, पण निघाला तर गंभीर.

पटवाऱ्याकडून शेऱ्याचा फेरफार क्रमांक घ्या आणि त्या फेरफाराची नक्कल काढा. शब्द नीट वाचा, कारण 'निष्क्रांत मालमत्ता' हा फाळणीनंतरचा वेगळा प्रकार आहे, त्याचा कायदाही वेगळा होता. शब्द 'शत्रू संपत्ती'च असेल तर मालमत्ता अभिरक्षकाकडे गेल्याचा आदेश मागा.

2017 च्या दुरुस्तीनंतर कायदा फार कडक झाला आहे. शत्रू ठरवलेल्या माणसाचा वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला वारसा मिळत नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिस्तानात गेलेल्या महमूदाबादच्या (उत्तर प्रदेश) राजांच्या वारसाला मालमत्ता परत द्यायला सांगितली होती. ती वाटही या दुरुस्तीने मागील तारखेपासून बंद केली. आता एकच मुद्दा उरतो: ही मालमत्ता मुळात शत्रूची नव्हतीच. नावात गफलत झाली, विक्री त्याआधीच रीतसर झालेली होती, माणूस देश सोडून गेलाच नव्हता, असं काही कागदाने दाखवता आलं तर केंद्र सरकारकडे निवेदन करता येतं. मुदत आदेश हातात पडल्यापासून किंवा राजपत्रात छापल्यापासून, यातलं जे आधी घडेल तिथून, 30 दिवस. त्यापुढे उच्च न्यायालयात अपिलाला 60 दिवस. दिवाणी न्यायालयाला यात हात घालता येत नाही. जमीन परत मिळाली तरी मधल्या काळाचं उत्पन्न मिळत नाही, तसं कायद्यातच लिहिलेलं आहे.

म्हणून आदेशाची नक्कल हातात आली की त्याच आठवड्यात वकील गाठा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि असा शेरा असलेली जमीन कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. तो व्यवहार कायद्याने रद्दबातल ठरतो.

आता वह्या-पुस्तकांकडे वळू.

पहिलं काम: घरातले कागद

कार्यालयात जाण्याआधी लोखंडी पेटी उघडा. शोधायचं ते हे: जप्ती पंचनाम्याची प्रत, खटल्याचा क्रमांक, तुरुंगाचा दाखला, आणि स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतनाचे कागद. या शेवटच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. आजोबांनी किंवा आजीने पेन्शनसाठी अर्ज केला असेल, तर त्यासोबत अटकेची तारीख, कलम, तुरुंगाचं नाव आणि सोबत्यांची प्रतिज्ञापत्रं जोडलेली असतात. घरची प्रत हरवली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात त्या फाइलची चौकशी करा. तारीख आणि कलम हातात आलं की पुढचा शोध निम्म्याने सोपा होतो.

पंचनामा सापडला तर सावकाश वाचा. तो बहुधा घाईत लिहिलेला असतो, खाली दोन पंचांच्या सह्या किंवा अंगठे, आणि मधे 'भजनाच्या वह्या नग चार, छापील पुस्तके नग दोन, मुखपृष्ठ नाही' अशा धर्तीची एखादी ओळ. ती ओळ मोलाची. वही हाताने लिहिलेली होती की छापील, हे तिथेच कळतं, आणि पुढे कॉपीराइटचा सगळा हिशेब त्याच एका फरकावर चालतो. कागद मोडीत असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि खाली त्याची सही घ्या.

एक कळकळीची विनंती. हे कागद लॅमिनेट करू नका. जुना कागद प्लॅस्टिकमध्ये उष्णतेने चिकटवला की तो पुन्हा सोडवता येत नाही आणि आतून कुजत जातो. दिवसाच्या उजेडात, सावलीत ठेवून मोबाइलने फोटो काढा, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि कोणत्याही कार्यालयात फक्त झेरॉक्स द्या.

दुसरं काम: आदेश शोधणं

जप्ती दोन मार्गांनी होत असे. एक, खटल्यातला मुद्देमाल म्हणून. दुसरी, पुस्तक किंवा पत्रकच सरकारने 'जप्त' म्हणून जाहीर केलं, म्हणजे त्याची जी प्रत जिथे सापडेल ती सरकारजमा. पहिल्या प्रकारात खटल्याचे कागद शोधायचे, दुसऱ्यात राजपत्रातली अधिसूचना.

इथे विदर्भाची एक खास अडचण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. 1942 मध्ये आपण मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. 1950 पासून मध्य प्रदेशात, 1956 च्या पुनर्रचनेनंतर मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. दर वेळी दप्तरं वाटली गेली. त्यामुळे चिमूरच्या माणसाची फाइल मुंबईत मागून उपयोग होत नाही. आधी नागपूरचं पुराभिलेखागार, तिथे नाही तर भोपाळ, आणि राजकीय स्वरूपाची मोठी प्रकरणं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, गृह विभागाच्या फायलींत. वऱ्हाडातल्या चार जिल्ह्यांची, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळची महसुली दप्तरं आणि नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडची मालगुजारीची दप्तरं यांची मांडणीही सारखी नाही. फाइल मागताना तालुका आणि जिल्हा त्या काळचा लिहा. गडचिरोलीचा माणूस असेल तर जिल्हा 'चांदा' लिहायचा.

खटल्याच्या कागदांसाठी जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. 1942 चे पुष्कळ खटले खास न्यायालयांपुढे चालले, त्यामुळे नेहमीच्या नोंदवहीत क्रमांक न मिळाल्यास 'विशेष न्यायालय, 1942-43' असं लिहून पुन्हा विचारा.

पोलीस आणि महसूल खात्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तराला 30 दिवस. 'गोपनीय आहे' असं उत्तर आलं तर कलम 8 पोटकलम 3 दाखवा. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा किंवा विधिमंडळाचा विशेषाधिकार असे थोडे अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. अर्जातला मजकूर असा ठेवा:

'ऑगस्ट 1942 ते डिसेंबर 1944 या काळात मौजा ____, तालुका ____, जिल्हा ____ (तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड) येथील श्री. ____ यांच्या घरातून भारत संरक्षण नियम किंवा इतर कायद्यान्वये जप्त केलेल्या कागदपत्रांचा पंचनामा, मुद्देमाल नोंदवहीतील नोंद व विल्हेवाटीचा आदेश यांच्या प्रती मिळाव्यात. अभिलेख नष्ट केला असल्यास नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मिळावी. अभिलेख अन्य कार्यालयाकडे वर्ग केला असल्यास त्या कार्यालयाचे नाव कळवावे.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. ती नसली की 'अभिलेख आढळून येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि पुढची वाट बंद होते. 'नष्ट केल्याची नोंद' मागितली की शोधणाऱ्या कारकुनाला नोंदवही उघडावी लागते.

छापील पुस्तिका असेल तर आणखी एक आशा आहे. बंदी घातलेल्या छापील साहित्याचा मोठा संग्रह राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेला आहे, त्यात मराठीही आहे. 'अभिलेख पटल' या त्यांच्या पोर्टलवर घरबसल्या शोधता येतं. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही असा संग्रह आहे. नाव शोधताना रोमन लिपीतली जुनी, वेडीवाकडी स्पेलिंगही घालून पाहा. गावातली शेवटची प्रत पोलिसांनी नेली असेल, पण ज्यांनी बंदी घातली त्यांनीच एक प्रत फाइलला लावून ठेवलेली असते. आपल्या घरचं पुस्तक तिथे सापडणं ही फार मोठी गोष्ट आहे.

तिसरं काम: वस्तू

अपेक्षा आधीच स्पष्ट ठेवा. अभिलेखागारात गेलेली मूळ वही किंवा प्रत घरी मिळत नाही. ती आता सार्वजनिक अभिलेख आहे. तुम्हाला प्रमाणित प्रत किंवा स्कॅन मिळेल, आणि ते पुरेसं आहे. खटल्यातला मुद्देमाल परत द्यायचा, सरकारजमा करायचा की नष्ट करायचा, याचा आदेश खटल्याच्या शेवटी न्यायालय देतं. 'परत द्यावा' असा आदेश सापडला आणि वस्तू अजून कुठे नोंदीत असेल, तर त्या आदेशाच्या नकलेसह न्यायालयातच अर्ज करा. पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवू नका.

चौथं काम: कॉपीराइट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो. पुस्तक जप्त झालं म्हणजे त्याचे हक्क सरकारकडे गेले, असं गावोगावी समजलं जातं. तसं नाही. जप्तीच्या अधिसूचनेने सरकारजमा होतात त्या प्रती. लेखकाचा हक्क तिने सरकारच्या नावावर चढत नाही. बंदी असेपर्यंत तो हक्क वापरता येत नव्हता, एवढंच. भारत संरक्षण कायदा 30 सप्टेंबर 1946 रोजी संपला. इतर कायद्यांखाली घातलेली बंदी मागे घेतल्याची अधिसूचना राजपत्रात शोधा आणि नाही सापडली तर राज्याच्या गृह विभागाला लेखी विचारून उत्तर फाइलला लावा.

परदेशात वेगळं घडलं. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात जर्मन, जपानी वगैरे मालकांचे कॉपीराइटच ताब्यात घेतले आणि त्यासाठी खास अधिकारी नेमला. 'बाइलस्टाइन' हा रसायनशास्त्राचा अवाढव्य जर्मन ज्ञानकोश त्याच्या परवान्याने अमेरिकेत छापला गेला. शेवटी 1962 मध्ये कायदा करून उरलेले कॉपीराइट मूळ हक्कदारांना सोडून देण्यात आले. आपल्याकडच्या 1942 च्या वह्यांना परत देण्याच्या अशा कायद्याची गरजच नाही, कारण हक्क गेलाच नव्हता. अर्ज 'हक्क परत मिळावा' असा करू नका. हक्क आपलाच आहे असं धरून चाला आणि तो अजून जिवंत आहे का, तेवढं मोजा.

मोजायचा कसा?

लेखकाच्या हयातीत, त्याच्या नावाने छापलेलं पुस्तक असेल तर मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं. 1964 किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाची अशी पुस्तकं आता कोणीही छापू शकतं. तुम्हीही, आणि दुसराही. तुकडोजी महाराजांना 1942 मध्ये अटक झाली होती, त्यांचं निधन 11 ऑक्टोबर 1968 चं. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत 2028 अखेर संपते. विनोबाजी 1982 मध्ये गेले, म्हणून 2042 अखेर. भजनी मंडळाने धार्मिक कार्यक्रमात भजन म्हणण्याला यातलं काही आड येत नाही. पुस्तक किंवा रेकॉर्डिंग काढून विकायचं असेल तेव्हा हा हिशेब बघायचा.

नाव न घातलेली किंवा टोपणनावाची पत्रकं असतील तर प्रसिद्धीपासून 60 वर्षं. 1942 ची निनावी पत्रकं 2002 अखेर मोकळी झाली, मधे लेखकाची ओळख जाहीर झालेली नसेल तर.

आणि तिसरा प्रकार, ज्यासाठी पंचनाम्यातली ती ओळ जपायला सांगितली: कधीच न छापलेली हस्तलिखित वही, रोजनिशी, पत्रं. लेखकाच्या हयातीत जे प्रसिद्ध झालं नाही, त्याची 60 वर्षांची मुदत ते पहिल्यांदा प्रसिद्ध होतं तेव्हा सुरू होते. म्हणजे 1943 मध्ये जप्त झालेली आणि अजून कुठल्याशा फाइलमध्ये पडून असलेली आजोबांची रोजनिशी आजही कॉपीराइटखाली असू शकते आणि तो हक्क वारसांचा आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. असं हस्तलिखित जनतेला खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा तत्सम संस्थेत असेल आणि लेखकाच्या मृत्यूला 60 वर्षं होऊन गेली असतील, तर अभ्यासासाठी किंवा प्रसिद्ध करण्याच्या हेतूने कोणीही त्याची नक्कल घेऊ शकतं. कलम 52 मध्ये ही तरतूद आहे. म्हणून रोजनिशी सापडल्याचा गाजावाजा करण्याआधी ती स्वतः छापायची तयारी ठेवा.

पाचवं काम: वारसांचं एकमत

कॉपीराइट ही जंगम मालमत्ता आहे आणि शेतासारखीच वारसांत जाते. मृत्युपत्रात 'माझ्या वह्या थोरल्याला' असं लिहिलेलं असेल तर अप्रकाशित वह्यांचा कॉपीराइटही थोरल्याकडे जातो, मृत्युपत्रातच वेगळं काही म्हटलेलं नसेल तर. मृत्युपत्र नसेल तर सगळे वारस हक्कदार. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांची मुलंही. छापायच्या वेळी आत्याबाईंना विचारायचं राहून जातं आणि पुस्तक निघाल्यावर घरात बोलणं बंद होतं. आधी सगळ्यांची लेखी संमती घ्या, स्टॅम्प पेपरवर नाही झाली तरी साध्या कागदावर सह्यांसकट घ्या. आजोबा 1956 च्या आधी वारले असतील तर वारसाहक्क जुन्या नियमांनी ठरतो, तेवढं मात्र वकिलाकडून तपासून घ्या.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुढे वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज होतो.

सहावं काम: छापणं

प्रकाशकाशी करार लेखीच करा. कायद्यानुसार कॉपीराइट दुसऱ्याला देणं लेखी आणि सहीचंच लागतं. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असं वाक्य असेल तर ते खोडायला लावा. पोलिसांनी नेऊनही जो हक्क घरात टिकला तो एका सहीने देऊन टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. एका आवृत्तीपुरता परवाना द्या, प्रतींची संख्या लिहा, मानधन लिहा.

पुस्तकात जप्तीच्या आदेशाची प्रतिमा छापा, खाली फाइल क्रमांक आणि अभिलेखागाराचं नाव घाला. हस्तलिखितात पान फाटलेलं असेल, ओळ लागत नसेल, तर आपल्या मनाने भरू नका. जागा कोरी सोडून तसं लिहा. आजोबांची भाषा, मग ती झाडीबोली असो की वऱ्हाडी, प्रमाण करू नका.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत पाठवणं ही प्रकाशकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली इथल्या ठरवलेल्या ग्रंथालयांनाही. पुस्तक तुम्ही स्वतः काढलं असेल तर ही जबाबदारी तुमची. पोचपावत्या फाइलला लावा. एक प्रत नागपूरच्या पुराभिलेखागाराला द्या, सोबत पंचनाम्याची आणि वारसांच्या संमतीपत्राची झेरॉक्स जोडा.